१३६ किलोहर्ट्झवर विस्पर की एफएसटी४डब्ल्यू?

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये परवानाधारक हौशी रेडिओचालक असून २२०० मीटर (१३६ किलोहर्ट्झ) पट्ट्यावर परसातल्या १२ मीटर उंच तारेवरून प्रक्षेपण सुरू करणार आहे. नेहमीचा विस्पर (अतिशय क्षीण संकेतही संगणकाने वाचता यावेत अशी प्रक्षेपणपद्धत) पुरेल, की एफएसटी४डब्ल्यू या तशाच पद्धतीचा, एक संदेश १८०० सेकंद चालणारा प्रकार निवडावा?

उत्तर १: या पट्ट्यावर पाव तरंगलांबीच सुमारे ५५० मीटर भरते, त्यामुळे आपल्या तारेतून पुरवलेल्या शक्तीचा अगदी नगण्य अंश बाहेर पडेल आणि उरलेली जमिनीत व भारकुंडलात (आखूड तार जुळवून घेण्यासाठी जोडलेल्या वेटोळ्यात) उष्णता होऊन जाईल. म्हणूनच वेळ खर्चून संवेदनशीलता मिळवावी लागते. २५०० हर्ट्झ पट्टारुंदीतल्या गोंगाटाच्या तुलनेत एफएसटी४डब्ल्यूचा १२० सेकंदांचा प्रकार साधारण उणे ३३ डेसिबलपर्यंत, तर १८०० सेकंदांचा उणे ४५ पर्यंत वाचला जातो.

उत्तर २: हे खरे असले, तरी १८०० सेकंदांच्या प्रकारात स्वरांमधील अंतर ०.०९ हर्ट्झच्याही आत असते, त्यामुळे जीपीएसशी जोडून वारंवारता स्थिर ठेवलेला आंदोलक (वारंवारता निर्माण करणारे मंडल) नसेल तर मी तो वापरणार नाही. आधी ३०० सेकंद वापरून पाहावे.

प्रश्नकर्ता: माझा आंदोलक साधाच आहे; ३०० पासूनच सुरुवात करतो.