एर्नाकुळमहून एका दिवसात आलप्पुळा: रेल्वेने, कमी खर्चात. सल्ला हवा आहे

मुलुंडकरीण

नमस्कार मंडळी. बाबांच्या ऑफिसातले एक काका निवृत्तीनंतर मुंबई सोडून आपल्या गावी, एर्नाकुळमला, परत गेले. तीस वर्षं दोघांनी एका टेबलावर डबा खाल्लेला. आता जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्या काकांच्या मुलीचं लग्न आहे आणि बाबा "मी जाणारच" म्हणून बसलेत. आई, बाबा आणि मी असे तिघं निघालोय. लग्नानंतरचा एक अख्खा दिवस मोकळा आहे. त्या दिवशी आलप्पुळा (आपण अलेप्पी म्हणतो ते) बघून रात्री मुक्कामाला परत यायचं मनात आहे.

आईचे गुडघे दुखतात, जिने फार नकोत. ती शाकाहारी, बाबा आणि मी मासे खाणारे. तिघांचा मिळून दोन हजारांवर खर्च करायचा नाही, कारण तिकिटं आणि आहेर यातच बरेच पैसे गेलेत. ज्याला विचारावं तो हाउसबोट सांगतो. एका ट्रॅव्हलवाल्याने गाडीसकट दिवसाचे बारा हजार सांगितले. हाउसबोट न घेता गेलो तर कालवे, बॅकवॉटर खरंच बघायला मिळतं का? कुणी असं गेलंय का?

माहीमकर

आम्ही चार कुटुंबं मिळून हाउसबोट घेतली होती, वाटून घेतली म्हणून परवडली. तिघांना नाही परवडणार, तो विचार सोडून द्या. तुमच्या पैशांत तासभर शिकारा होईल. भाव आणि वेळ दोन्ही बोटीत पाय ठेवायच्या आधी ठरवा. आम्ही एकदा दोन तासांचे पैसे दिले आणि सव्वा तासात किनाऱ्याला परत. भांडून उपयोग झाला नाही, सबंध दिवसाचा विरस मात्र झाला.

रूळप्रेमी

रेल्वेचं मी सांगतो. एर्नाकुळमला दोन मोठी स्टेशनं आहेत, जंक्शन आणि टाउन. लोक त्यांना साउथ आणि नॉर्थ म्हणतात. आलप्पुळाची गाडी जंक्शनवरून पकडा. दक्षिणेकडे जाणाऱ्या दोन लायनी इथून फुटतात, एक कोट्टायमवरून आणि दुसरी किनाऱ्याने आलप्पुळावरून. दोन्ही पुढे कायमकुळमला एकत्र येतात. त्यामुळे तिरुवनंतपुरमची गाडी दिसली म्हणून चढू नका, ती कुठल्या मार्गाने जाते ते आधी बघा. "व्हाया आलप्पुळा की व्हाया कोट्टायम" एवढं विचारलं तरी पुरतं.

अंतर ५७ किलोमीटर. वेळ सव्वा तासाच्या आसपास, पण हा मार्ग बराचसा एकेरी आहे, समोरून गाडी येत असली की आपली कुठल्यातरी छोट्या स्टेशनवर थांबून राहते. अर्धा तास हाताशी ठेवा. रिझर्वेशनची गरज नाही, जनरलचं तिकीट मोबाइलवर काढा, माणशी पन्नासच्या आत काम होतं. सकाळची लवकरची गाडी धरा. कुंबळम ते अरूर या पट्ट्यात रूळ बॅकवॉटरवरून जातात, तेव्हा खिडकीत असा. चेर्तला गेलं की नारळ आणि पांढरी वाळू सुरू होते.

आणखी एक. तुम्ही कुर्ल्याहून नेत्रावतीने जाणार असाल तर ती गाडी पुढे आलप्पुळावरूनच जाते. पण लग्न एर्नाकुळमला आहे म्हटल्यावर आधी तिथंच उतरा, सामानसुमान घेऊन आलप्पुळात फिरू नका.

चेंबूरकरीण

माझं सासर कुट्टनाडचं, आलप्पुळ्याच्या पुढचं पाण्यातलं गाव. चेंबूरहून दरवर्षी जाणं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नाव. इंग्रजी पाटी वाचून लोक "अलप्पुझा" म्हणतात. तो झ नाही, जिभेने वळवून काढायचा मऊ उच्चार आहे, आपला ळ त्याच्या बराच जवळ जातो. "आलप्पुळा" म्हणा, रिक्षावाल्याचा चेहरा उजळतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हाउसबोट न घेता बॅकवॉटर दिसतं, आणि माझ्या मते जास्त चांगलं दिसतं. तिथे सरकारी बोटी आहेत. केरळचं राज्य जलवाहतूक खातं १९६८ सालापासून त्या चालवतं आणि त्याचं मुख्यालय आलप्पुळ्यातच आहे. आपल्याला एसटी तशी तिकडच्या माणसांना ही बोट. शाळेची मुलं, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका, दवाखान्यात निघालेले म्हातारे, सगळे यातूनच जातात. माझ्या सासूबाई लग्न होऊन सासरी आल्या त्या पाण्यातून, कारण तेव्हा घरापर्यंत रस्ताच नव्हता. हाउसबोटीत बसलं की हे सगळं लांबून दिसतं. सरकारी बोटीत ते आपल्या शेजारच्या बाकावर येऊन बसतं.

तुम्हाला सांगेन ती फेरी आलप्पुळा ते कोट्टायम. साधारण अडीच तास. तिकीट मागच्या वेळी माणशी २९ रुपये होतं. जेटीवरून निघते ती आधी शहराच्या कालव्यातून जाते, मग पुन्नमडाचं रुंद पाणी (नेहरू ट्रॉफीच्या सर्पनौकांची शर्यत इथेच होते), मग वेंबनाड. तो जलाशय एवढा मोठा आहे की मधोमध गेल्यावर पलीकडचा काठ म्हणजे नारळांची एक बारीक रेघ. नंतर पुन्हा कालवे अरुंद होत जातात, दोन्ही काठांना घरं, प्रत्येक घराला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, त्यांवर कुणी भांडी घासतंय, कुणी मासे साफ करतंय. कोट्टायमला उतरलात की आलप्पुळाला परत यायचं कारण नाही, तिथून एर्नाकुळमची गाडी घ्या. जायची वाट वेगळी, यायची वेगळी.

फक्त फेऱ्या मोजक्या असतात. आम्ही गेलो तेव्हा एक साडेअकराच्या सुमारास होती. स्टेशनवरून थेट जेटीवर जा (चार किलोमीटर, रिक्षा किंवा बस), फलक बघा, वेळ पक्की करा आणि मगच चहा घ्या. आणि जेटीवर हे नक्की विचारा: "बोट कोट्टायमपर्यंत जाते ना?" शेवटच्या अरुंद कालव्यात वर उचलायचे छोटे पादचारी पूल आहेत. त्यांचं काम निघालं की बोट अलीकडे कांजिरमला संपते आणि पुढचं अंतर रस्त्याने काटावं लागतं.

आईंसाठी: जेटीवरून बोटीत एकच मोठं पाऊल टाकायचं असतं, खलाशी हात देतात. आत बाकं आहेत, जिना नाही. बोटीवर स्वच्छतागृहाचा भरवसा धरू नका, स्टेशनवरच जाऊन या. जानेवारीतसुद्धा दुपारी घाम निघतो, तेव्हा पाणी आणि टोपी हवी.

मुलुंडकरीण

चेंबूरकरीण, किती मनापासून लिहिलंत! आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "लाँच हलते का गोराईसारखी?" आणि दुसरा, "जेवायचं काय?"

चेंबूरकरीण

गोराईसारखी मुळीच हलत नाही, खाडीसारख्या लाटा तिथे नाहीत. वेंबनाडच्या मध्यावर वारा असला तर थोडी डोलते. एक गंमत सांगते. पुढे चाक धरून उभा असतो त्याला तिकडे "स्रांक" म्हणतात, म्हणजे आपल्या लाँचवरचा सारंगच. इंजिनवाला खाली वेगळा बसतो आणि दोघांचं बोलणं घंटीवर चालतं. बाबांना पुढची बाकं द्या, त्यांना हे बघायला आवडेल.

जेवण: बोटीवर काही मिळत नाही, आधी खाऊन घ्या. आलप्पुळ्यात इंडियन कॉफी हाउस आहे, तिथे आईंना डोसा, व्हेज कटलेट मिळेल. भात उकड्या तांदळाचा असतो, लालसर आणि जाड. कोकणातल्या माणसाला नवा वाटणार नाही. पळमपोरी म्हणजे पिकलेल्या नेंद्र केळ्याची भजी, चार बांधून घ्या, बोटीत खायला. तुम्ही आणि बाबा करीमीन खा. आपल्याकडचं कालुंदर ते, मसाला लावून केळीच्या पानात भाजतात. पण भाव विचारून मागवा, मोठा मासा बजेट खातो.

आणि तारीख नीट बघा. मकरविळक्कू (शबरीमलाचा मोठा उत्सव) १४ जानेवारीच्या आसपास असतो आणि शबरीमलाचे भाविक कोट्टायम स्टेशनवरून जा-ये करतात. साधारण २० तारखेपर्यंत परतीच्या गाड्यांना गर्दी असते. आईंना उभं राहावं लागू नये म्हणून परतीचं तेवढं सेकंड सीटिंगचं रिझर्वेशन करा, फरक थोडाच पडतो.

रूळप्रेमी

याला दुजोरा. कोट्टायमची लाइन २०२२ पासून पूर्ण दुहेरी झाली आहे, त्यामुळे तिकडून येताना रखडपट्टी कमी. काही गाड्या एर्नाकुळम टाउनला थांबतात, काही जंक्शनला. मुक्काम कुठे आहे त्याप्रमाणे निवडा.

खारेपाट

मी पेणजवळच्या खारेपाटातला, नोकरीसाठी भांडुपला. हीच फेरी मी केलीय आणि एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही म्हणून लिहितोय.

बोटीतून डावी-उजवीकडे भातशेतं दिसतील तेव्हा त्यांची पातळी बघा. शेत खाली असतं आणि आपली बोट वर. कुट्टनाडात समुद्रसपाटीच्या खाली शेती होते, काही ठिकाणी दोन मीटरहूनही खोल. जलाशयात बांध घालून, आतलं पाणी उपसून काढलेली ही जमीन. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिची जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून नोंद केली. आमच्याकडे खाडीला बांध घालून खारजमीन लागवडीखाली आणतात, बांध फुटला की वर्षाचं पीक खाऱ्या पाण्याखाली जातं. माझ्या आजोबांनी रात्री कंदील घेऊन बांध राखलेत. त्यामुळे ते मैलोन्‌मैल बांध बघताना मला फार जवळचं काही बघतोय असं वाटलं. तुम्ही जानेवारीत जाताय म्हणजे भात हिरवागार उभा असेल, कापणी फेब्रुवारी-मार्चला.

शहरातल्या कालव्यांबद्दल मात्र खरं सांगतो. तिथे जलपर्णी आणि कचरा दिसेल, मन खट्टू होईल. पण ते कालवे कशासाठी आहेत ते माहीत असू द्या. त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथलं बंदर वसवलं आणि आतल्या मुलखातला माल किनाऱ्यावर आणायला हे कालवे खोदले गेले. मिरी, सुंठ, खोबरं, नंतर काथ्या, सगळं पाण्यावरून. मालाच्या वाटेवर गुजराती, कच्छी व्यापारी येऊन राहिले, त्यांची वस्ती आणि जैन मंदिर अजून आहे. कोट्टायमची बोट चुकलीच तर ही बाजू पायी बघा आणि संध्याकाळी किनाऱ्यावर जा, जुन्या धक्क्याचे लोखंडी खांब समुद्रात उभे आहेत. १८६२ चं दीपगृहही जवळच आहे, पण त्याला जिना आहे, आईंना खालीच बसवा.

माहीमकर

कोट्टायमची बोट मला माहीतच नव्हती. आईंना अडीच तास जास्त वाटले तर काय?

चेंबूरकरीण

मग नेडुमुडीची बोट घ्या आणि त्याच बाजूने परत या. तीही गावागावांतून थांबत जाते. पर्यटकांसाठी जलवाहतूक खात्याचीच "वेगा" नावाची बोट आहे, साधारण पाच तासांची फेरी, तिचं आसन आधी राखून ठेवावं लागतं. दोन्ही हाउसबोटीपेक्षा कितीतरी स्वस्त. पण मला विचाराल तर कोट्टायमच.

मुलुंडकरीण

कालच परत आलो. सगळ्यांना आधी कळवते.

सकाळी जंक्शनवरून निघालो, वाटेत तुरवूरला वीस मिनिटं थांबलो. जेटीवर पोचलो तेव्हा बोट सुटायला पाऊण तास होता. आईचा कॉफी हाउसमध्ये डोसा झाला. बोट कोट्टायमपर्यंत जात होती, मी तीन वेळा विचारून घेतलं. चढताना खलाशाने आईचा हात धरला आणि "अम्मा, पदुक्के" म्हणाला, सावकाश. उतरेपर्यंत तो दर थांब्याला तिच्याकडे बघून घेत होता.

गाडी आणि बोट मिळून तिघांचे चारशेच्या आत. दोन्हीकडच्या रिक्षा, जेवण, पळमपोरी, पाणी, आईने घेतलेलं काथ्याचं पायपुसणं धरून एकूण १,५८० रुपये. करीमीन आम्ही एकच घेतला आणि दोघांत खाल्ला.

बाबा पूर्ण वेळ सारंगाच्या मागे. वेंबनाड लागल्यावर त्यांनी फोन काढून लग्नघरच्या काकांना लावला. दोघं ऑफिसात असताना काका जेवणाच्या सुट्टीत कोट्टायमच्या बोटीबद्दल सांगायचे म्हणे, लहानपणी शाळेला त्यातूनच जायचे. बाबांनी फोन खिडकीबाहेर धरला आणि त्यांना इंजिनाचा आवाज ऐकवला. मग दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत.

खारेपाट, आईला मी शेताची पातळी दाखवली. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं. ती म्हणाली, "बांध कोण राखता रे रात्रीचो?" मला उत्तर आलं नाही. शेजारच्या बाकावरच्या बाईंना खुणेने विचारलं तर त्यांनी लांब बांधावरच्या पंपाच्या खोलीकडे बोट दाखवलं.

कोट्टायमला गर्दी होती, चेंबूरकरीण म्हणाल्या तशीच. रिझर्वेशन केलं होतं म्हणून आई बसून आली.