मदत हवी आहे: कागदावर 'गिरिको' लिहिलंय, नकाशात सापडत नाही. फ्रॉड आहे का?

चंदगडी_गर
नमस्कार मंडळी. घाईत आहे, मुद्द्याचं तेवढंच लिहितो. आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. यंदा इकडची बी पुरणार नाही म्हणून आफ्रिकेतून थेट मागवतोय. तिकडच्या पार्टीनं कागदांचे मसुदे पाठवलेत. त्यावर रीजन म्हणून 'गिरिको' लिहिलंय. मोबाईलच्या नकाशात बघितलं, पोराच्या अ‍ॅटलासमध्ये बघितलं. त्या देशात असलं राज्यच नाही. गेल्या वर्षी ओळखीच्या व्यापाऱ्यामार्फत घेतली त्या कागदावर वेगळं नाव होतं, आणि ही पार्टी म्हणते गाव तेच. बंदर तर भलत्याच देशातलं! सोमवारपर्यंत उरलेले पैसे पाठवा म्हणून तगादा लावलाय. कुणाला माहिती असेल तर लगेच सांगा.

रेवदंडा_रिटर्न्स
आफ्रिका म्हणजे कुठला देश? तिथे ५४ देश आहेत हो.

हापूस_नको_फणस
गिनी असणार. गिनी-बिसाऊची बी घ्या डोळे झाकून, आउटटर्न (बीमागे निघणारा गर) सगळ्यात चांगला. आम्ही दुसरीकडची घेतच नाही.

चंदगडी_गर
गिनी म्हणालो का मी? बुर्किना फासो. काजूवाल्याला न सांगता कळतं. आउटटर्नचं नंतर बघू, आधी गिरिकोचं बोला.

नकाशावेडी
गिरिको खरं आहे, दादा. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं अख्ख्या देशाची विभागणी नव्यानं केली. आधी १३ रीजन होते, आता १७. प्रांत ४५ होते ते ४७ झाले. जुनी नावं फ्रेंच अमलाच्या वळणाची होती: 'मध्य', 'उत्तर', 'पूर्व', 'नैर्ऋत्य' अशी. ती काढून स्थानिक नावं दिली. राजधानी वागाडुगूचा 'मध्य' आता कादियोगो झाला. बान्फोराकडचा 'कास्काद' झाला तान्नुन्यान. गावाकडचा नैर्ऋत्य विभाग झाला जोरो. (गावा हे शहराचं नाव आहे, आपलं गाव नव्हे.) आणि बोबो-दिउलासोचा 'ओ-बासें' झाला गिरिको. पोराचा अ‍ॅटलास त्याआधी छापलेला असणार.

तुमच्या कागदावर रीजनच्या खाली प्रांत लिहिला असेल. तो सांगा.

चंदगडी_गर
एच-ओ-यू-ई-टी. वाचता येईना.
गेल्या वर्षीच्या कागदावर एच-ए-यू-टी-एस आणि पुढं बासिन्स असं कायतरी आहे.

नकाशावेडी
मग जुळलं. एच-ए-यू-टी-एस वगैरे म्हणजेच ओ-बासें, गिरिकोचं जुनं नाव. आणि तो प्रांत बोबो-दिउलासोचाच. रीजनचं नाव फिरलं, प्रांताचं तेच राहिलं. बुर्किनाचा कागद तपासायचा तर रीजनपेक्षा प्रांत बघत जा. काजूच्या पट्ट्यात कोमोए, लेराबा, केनेदुगू, पोनी ही नावंही दिसतील, तीही जुनीच आहेत.

एक मात्र सांभाळा: नाकांबे आणि नाझिनोन ही नद्यांची नावं आहेत, आणि आता रीजनांचीही. नकाशात शोधलंत तर नदीवर जाऊन पडाल.

तिरशिंगराव_२
म्हणजे सतरा रीजन, सत्तेचाळीस प्रांत, आणि देश केवढा तर महाराष्ट्रापेक्षा लहान. २,७४,००० चौरस किमी धरा, आपण ३,०७,००० च्या वर. लोकसंख्या दोन कोटींच्या थोडी पुढे. आपल्याकडे एवढे विभाग केले तर पालकमंत्री पुरायचे नाहीत.

चंदगडी_गर
बरं, गिरिको सुटलं. आता हे बघा. टाईप केलेल्या मजकुरात गिरिको आहे, पण खाली गोल शिक्का मारलाय त्यात जुनंच नाव आहे. एकाच कागदावर दोन. आणि लोडिंग पोर्ट लोमे. लोमे टोगोत आहे ना?

कस्टमवाला_काका
शिक्का आणि मजकूर जुळत नाही? संपलं. खोटा कागद. पुढं जाऊ नका. माझी सगळी नोकरी कागद बघण्यात गेली.

नकाशावेडी
काका, छत्रपती संभाजीनगर झाल्यावर किती कचेऱ्यांत औरंगाबादचे शिक्के चालू होते ते आठवा. उलट खोटा कागद करणारा शिक्काही नवाच करून घेईल.

बालाघाटी
औरंगाबादचा विषय काढलात म्हणून सांगतो, नाव बदलून पाणी आठ दिवसांनीच येतं. अहिल्यानगरचंही...

धागा_राखणदार
नामांतरावर वेगळा धागा आहे, तिकडे जा. इथे बुर्किना.

बोअरवाला_आटपाडी
मी होतो तिकडं, बोअरवेलच्या कामावर. बंदराचं सांगतो. त्या देशाला समुद्रच नाही. सहा शेजारी: माली, नायजर, बेनिन, टोगो, घाना, आयव्हरी कोस्ट. माल निघणार तर अबिदजान, तेमा, लोमे नाहीतर कोतोनूवरून. आमचं रिगचं सामान पण तसंच आलं. लोमेला उतरलं, तिथनं ट्रकनं सिंकान्सेच्या नाक्यावरून आत. तेव्हा कागदावर टोगो बघून दचकू नका. समुद्र नसलेल्या देशाच्या मालावर बुर्किनाचं बंदर लिहिलेलं दिसलं तर मात्र पळत सुटा.

कस्टमवाला_काका
पण बोबोहून अबिदजानला थेट रेल्वे आहे. मीटरगेज, फ्रेंचांनी घातलेली. १९३४ ला बोबोपर्यंत आली, वागाडुगूला पोचायला १९५४ उजाडलं. रेल्वेनं जवळचं बंदर असताना एवढा वळसा घालून लोमे कशाला? संशयाला जागा आहे.

बोअरवाला_आटपाडी
काका, रेल्वे आहे खरी, पण अबिदजान सरकारशी सध्या वागाडुगूचं पटत नाही. आणि काजूत आयव्हरी कोस्ट लई कडक. जगात सगळ्यात जास्त कच्ची बी तिथं पिकते, आणि त्यांचा नियम असा की त्यांची बी जमिनीवरून बाहेर जाता कामा नये, फक्त अबिदजान आणि सान पेद्रो बंदरातून. तरी भाव इकडं तिकडं झाला की रात्रीत मोटरसायकलवर पोती लादून सीमा ओलांडतात. पलीकडं गेली की ती बुर्किनाची बी.

म्हणून चंदगडी दादा, नाव बरोबर असलं तरी बी कुठली ते नावावरून कळणार नाही. पोती फोडून बघायला लागतील. बियांचा काउंट (किलोत किती बिया), ओलावा, आउटटर्न सगळं लोडिंगच्या वेळीच तपासून घ्या, तेही त्रयस्थ माणसाकडून.

हापूस_नको_फणस
बिसाऊला हा त्रासच नाही. बंदर देशातच आहे. एवढंच म्हणतो.

जागतिक_जागल्या
मुळात लष्करी राजवट असलेल्या देशाशी व्यवहारच का करावा? जानेवारी २०२२ मध्ये लष्करातल्या दामिबानं राष्ट्राध्यक्ष काबोरेंना हटवलं, आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरला कॅप्टन इब्राहिम ट्राओरेनं दामिबाला हटवलं. निवडणूक घेतो म्हणाले होते, मे २०२४ मध्ये मुदत आणखी पाच वर्षांनी वाढवून घेतली. ७१ जणांची नेमलेली विधानसभा आहे. उत्तरेत आणि पूर्वेत मोठ्या भागावर सरकारची सत्ताच नाही, वीस लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून आत आलेली.

लाल_सलाम_दापोली
ट्राओरेबद्दल वाट्टेल ते लिहू नका. जुना राष्ट्राध्यक्ष सांकारानंतर पहिल्यांदा कुणीतरी उभं राहिलंय. सांकारानं चार वर्षांत लसीकरण केलं, झाडं लावली, मंत्र्यांच्या मर्सिडीज काढून त्यांना साध्या गाड्यांत बसवलं. देशाचं 'अपर व्होल्टा' हे नावही १९८४ मध्ये त्यानंच बदललं. १५ ऑक्टोबर १९८७ ला मारला त्याला. नंतर कंपाओरे २७ वर्षं चिकटून बसला, २०१४ मध्ये लोकांनीच पिटाळला. ट्राओरेची भाषणं ऐका एकदा, अंगावर काटा येतो.

जागतिक_जागल्या
ऐकलीत की पाहिलीत? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या त्याच्या भाषणांत एआयनं बनवलेली भरपूर आहेत. तो फ्रेंचमध्ये बोलतो, तुमच्याकडे अस्खलित इंग्रजीत येतो. सांकाराबद्दल आदर आहेच, पण वर्तमानपत्रं त्याच्याही काळात मोकळी नव्हती.

चंदगडी_गर
अहो राजकारण राहू दे. माझा कंटेनर!

एक_वऱ्हाडी
काजूचं मला समजत नाही, पण बुर्किना म्हटलं की कापूस. २००८ मध्ये त्यांनी बीटी आणलं होतं. अळीवर चाललं, पण धाग्याची लांबी कमी भरू लागली. त्यांच्या कापसाला भाव मिळतो तो लांब धाग्याचा. २०१६ पर्यंत सोडून दिलं पुन्हा. आमच्याकडे असं म्हणायची कुणाची हिंमत? यवतमाळात बियाणं काय मिळतं ते...

बोअरवाला_आटपाडी
एक_वऱ्हाडी भाऊ, बोबोच्या बाहेर कापसाचे ट्रक बघायचे. जाळी लावून एवढे शिगोशिग की पांढरी भिंत चालत येतेय असं वाटतं. डिसेंबर-जानेवारीत सहारातून हरमातान वारा सुटतो, दिवसाढवळ्या सूर्य पिवळा पडलेला. तांबड्या मातीचा धुरळा रिगच्या फिल्टरात, डब्यात, कानात. मार्च-एप्रिलला ४२-४३ डिग्री. पाऊस जून ते सप्टेंबर, तोही उत्तरेला नावाला. दक्षिणेला, काजूच्या पट्ट्यात, बरा. आम्ही मोसी लोकांच्या भागात होतो. देशात निम्म्याच्या आसपास तेच. त्यांचा राजा मोघो नाबा अजून वागाडुगूत आहे, दर शुक्रवारी सकाळी वाड्यासमोर त्याचा विधी होतो. गोरगरीब सोडा, मंत्रीसुद्धा भांडण मिटवायला त्याच्याकडं जातात. तुमची पार्टी बोबोची, तिथं मोरे भाषा कमी, दिउला जास्त. फ्रेंचचा राजभाषेचा मान २०२४ पासून गेला, पण कागदावर अजून फ्रेंचच.

मीनल_ताई_ठाणे
पिवळ्या तापाची लस घ्यायला विसरू नका! दाखला नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकवून ठेवतात. आणि वागाडुगूत शाकाहारी मिळतं का कुणी सांगेल का, तिथलं बाजरीचं 'तो' आणि भेंडीची चिकट आमटी म्हणतात ती चालेल ना उपासाला सोडून?

चंदगडी_गर
ताई, मी जात नाहीये. बी येतेय.

निवृत्त_बँकर
इतकी चर्चा झाली, मूळ प्रश्न कुणी विचारला नाही. पैसे कसे देताय? एलसी (बँकेचं हमीपत्र) आहे का? आगाऊ किती दिले? उरलेले कुठल्या देशातल्या खात्यात मागितलेत?

चंदगडी_गर
एलसी नाही, ते म्हणाले वेळ लागतो. ३० टक्के दिलेत. बाकीचे दुबईच्या खात्यात. खात्याचं नाव वेगळं आहे, भागीदाराचं आहे म्हणाले.

कस्टमवाला_काका
अरे देवा. आणि आम्ही शिक्के बघत बसलोय.

निवृत्त_बँकर
बुर्किनानं जानेवारी २०२५ मध्ये इकोवास (पश्चिम आफ्रिकी देशांचा संघ) सोडलं, हे खरं. पण युमोआ सोडलेलं नाही. तो आठ देशांचा चलनसंघ, मध्यवर्ती बँक डकारला. नाणं सीएफए फ्रँक, युरोशी बांधलेलं: १ युरोला ६५५.९५७, यात पैचा फरक नाही. त्या संघाचा नियम असा की निर्यातदारानं निर्यात स्थानिक बँकेत नोंदवायची आणि परकीय पैसा त्याच बँकेतून देशात आणायचा. मग बोबोचा खरा निर्यातदार म्हटला की त्याच्याकडे तिथल्या बँकेचं खातं असायलाच हवं. दुबईत वेगळ्या नावाचं खातं म्हणजे एक तर तो दलाल आहे, नाहीतर काहीच नाही. दलाल असणं गुन्हा नाही, पण मग करार कुणाशी झाला ते बघा.

जागतिक_जागल्या
शिवाय बुर्किना, माली, नायजर हे तीन लष्करी देश आता ०.५ टक्का कर लावतात. तोही हिशेबात धरा.

निवृत्त_बँकर
तो त्यांच्या देशात बाहेरून येणाऱ्या मालावर. यांचा माल बाहेर पडतोय. घाबरवू नका त्यांना.

बोअरवाला_आटपाडी
दादा, आणि हंगामाच्या मध्यावर नियम फिरू शकतात तिकडं. २०२४ ला शियाच्या (तिकडच्या तेलबियांच्या झाडाच्या) बियांची निर्यात सरकारनं एका झटक्यात थांबवली होती, कारखाने आपल्याकडंच चालावेत म्हणून. काजूवर काय चालू आहे ते लोडिंगच्या आधी विचारा.

चंदगडी_गर
बोबोतल्या बँकेचं खातं द्या, कंपनीच्या नावाचं, म्हणून आत्ताच मेसेज टाकला. तपासणीला माणूस पाठवणार हेही कळवलं. तिकडून 'माय फ्रेंड, नो प्रॉब्लेम' आलंय. खात्याचा नंबर काय आला नाही.

निवृत्त_बँकर
नंबर येईपर्यंत एक रुपया सोडू नका. सोमवार त्यांचा, तुमचा नाही.

नकाशावेडी
त्या शिक्क्याच्या कागदावर नंबर असेल ना? ज्या कचेरीनं तो दिला तिच्याकडे थेट विचारा, आणि दिल्लीत बुर्किनाचा दूतावास आहे त्यांनाही मेल टाका. मेल फ्रेंचमध्ये गेलेला बरा. मसुदा मी लिहून देते. कागदाचा फोटो इथे नको, व्यनि (खाजगी निरोप) करा, आणि त्यात तो गोल शिक्का नीट दिसू दे.

हापूस_नको_फणस
बिसाऊच्या पार्टीचा नंबर हवा असेल तर सांगा, मी पण व्यनि करतो.

चंदगडी_गर
ताई, व्यनि केलाय. फणसराव, तुमचा बिसाऊवाला पैसे कुठं मागतो?

हापूस_नको_फणस
दुबई. पण माणूस खात्रीचा आहे.