बागेत पाण्याची लाइन टाकतोय, थंडीत फुटू नये म्हणून आत्ताच काय करून ठेवू?

वाफेवाला
नमस्कार मंडळी. घरामागे भाजीचे सहा वाफे आणि कडेने फळझाडं आहेत, आत्तापर्यंत नळी ओढत पाणी घालायचो पण रोज तासभर त्यातच जातो म्हणून आता कायमची लाइन टाकायचं ठरवलंय. भिंतीवरच्या नळापासून बागेच्या टोकापर्यंत ३० मीटर भरतं. मेन लाइन जमिनीखालून, प्रत्येक वाफ्याला एक कॉक आणि पुढे १६ एमएमची ड्रिप असा विचार आहे. अडचण एकच, आमच्याकडे हिवाळ्यात काही आठवडे पाणी गोठतं. गेल्या वर्षी नळाला नळी तशीच लावलेली राहिली आणि थंडी संपल्यावर नळ सोडला तर भिंतीच्या आतून पाणी झिरपायला लागलं, अर्धी भिंत फोडावी लागली. परत तसं नकोय. पाइप किती खोल पुरू? कडक पीव्हीसी घेऊ की काळा एचडीपीई (लवचीक प्लास्टिकचा पाइप)? आणि लाइन रिकामी करायला कंप्रेसर लागतोच का?

चर_खणणारा
दादा, खोलीपेक्षा उताराचा विचार आधी करा. माती जिथपर्यंत गोठते त्याच्याही खाली पाइप न्यायचा तर बऱ्याच ठिकाणी मीटरभर खणावं लागतं, आणि तुमची लाइन हिवाळ्यात बंदच राहणार आहे, मग कशाला. फावडं लागणार नाही इतकं म्हणजे ३० ते ४५ सेंटिमीटर पुरे, फक्त आत पाणी राहता कामा नये. मीटरला १ सेंटिमीटर उतार द्या. जमीन सपाट असेल तर ३० मीटरला ३० सेंटिमीटर उतरेल, म्हणजे सुरुवातीला ३० खोल असलेला पाइप टोकाला ६० वर जाणार, चर त्या हिशोबानेच खणा. सगळ्यात खालच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) घालून पाणी सोडायचा ड्रेन कॉक बसवा आणि त्याच्याखाली खड्ड्यात खडी भरा, पाणी जिरायला जागा हवी. मधे कुठे पाइपला पोट आलं तर पाणी तिथेच साठतं आणि तिथेच फुटतं, त्यामुळे माती लोटायच्या आधी पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी बघतात तशी लेव्हल बघून घ्या, नुसत्या नजरेवर जाऊ नका. आणि पाइप उघडा असतानाच टेप लावून फोटो काढून ठेवा, दोन वर्षांनी झाड लावताना उपयोगी पडतात.

पाइप एचडीपीईच घ्या. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, एचडीपीई थोडा ताणला जातो पण पीव्हीसी सरळ चिरतो. उन्हात उघडा राहिलेला पीव्हीसी तर अजूनच ठिसूळ होतो.

अजून एक, माझे दोन कॉक यात गेलेत म्हणून कळकळीने सांगतो. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला की आतल्या गोळ्यात घोटभर पाणी अडकतं आणि तेवढं पाणी गोठलं तरी बॉडी फुटते. लाइन रिकामी झाली की बाहेरचे सगळे कॉक अर्धे उघडे ठेवा.

मातीचे_हात
कंप्रेसरबद्दल लिहिते. वर म्हटलंय तसा उतार नीट असेल तर बहुतेक लागणार नाही, पण जुनी लाइन असेल किंवा जमीन वरखाली असेल तर हवा मारावीच लागते. आधी उताराने जेवढं निघतं तेवढं काढून घ्या. मग एक तरी कॉक उघडा ठेवूनच कंप्रेसर चालू करा, सगळं बंद असताना कधीच नाही. या पाइपला ५० पीएसआयच्या वर जायचं नाही. लोकांना वाटतं प्रेशर वाढवलं की पाणी लवकर निघेल पण तसं नसतं, काम होतं ते हवा भरपूर मिळाल्याने, म्हणून छोटा कंप्रेसर असेल तर टाकी परत भरू द्या आणि दोन-तीन वेळा थोडं थोडं मारा. नुसती फवार यायला लागली की थांबा, कोरड्या लाइनमधून हवा चालू ठेवली की पाइप आणि फिटिंग तापतात. डोळ्यांना चष्मा हवाच आणि कॉकवर वाकून बघायचं नाही, फिटिंग सुटलं तर दगडासारखं लागतं.

ड्रिपमधून मात्र ही हवा सोडू नका, जोड निसटतात. तिच्या एंड कॅप काढा, टोक खाली करून पाणी गळू द्या, बास. फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर आणि टायमर सोडवून घरात न्या, टायमरमधले सेल काढून ठेवा, नाहीतर गळून आतले पॉइंट खातात. हे तिन्ही हाताने सुटतील अशा युनियनवर (उघडता येणाऱ्या जोडावर) आत्ताच बसवा म्हणजे दरवर्षी पाइप कापावा लागणार नाही.

वाफेवाला
खूप आभार दोघांचे, उताराचं डोक्यातच आलं नव्हतं. पण एक कळलं नाही, माझा भिंतीवरचा नळ थंडीत न फुटणारा म्हणूनच बसवला होता, तरी का फुटला?

चर_खणणारा
नळीमुळेच. त्या नळाचा दांडा लांब असतो, पाणी खरं बंद होतं ते भिंतीच्या आत उबेच्या बाजूला, आणि बंद केल्यावर पुढचं पाणी तोंडातून गळून जातं म्हणून तो वाचतो. तोंडाला नळी लावलेली असली की पाणी गळायला वाटच नाही, ते दांड्याभोवती गोठतं आणि नळकांडं चिरतं. बंद असेपर्यंत काहीच दिसत नाही, सोडला की भिंतीत पाणी. तुमचं तेच झालं. नवीन बसवताना तोंड बाहेरच्या बाजूला जरासं खाली झुकलेलं ठेवा आणि बागेची लाइन त्याला युनियनने जोडा, पहिली थंडी पडायच्या आत ती सोडवायची. घराच्या आत त्या नळाच्या आधी वेगळा स्टॉप व्हॉल्व्ह असेल तर अजून चांगलं.

थंडी संपल्यावर लाइन चालू करताना ड्रेन कॉक बंद करा, ड्रिपची टोकं उघडीच ठेवा आणि मेन कॉक अगदी हळू सोडा, रिकाम्या पाइपात पाणी एकदम घुसलं की धक्क्याने सांधे निखळतात. टोकाला स्वच्छ पाणी आलं की कॅप लावा आणि मग एकदा सगळ्या लाइनवरून चालत जा, ओली माती कुठे दिसते ते बघत.