५,००० सैनिक आणि समोर चाळीसपेक्षाही कमी माणसं: अपाची नेता जेरोनिमो सापडत का नव्हता?

प्रश्न: १८८६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या नैऋत्येतल्या अपाची या मूलनिवासी लोकांविरुद्धच्या मोहिमेची सूत्रं अमेरिकी लष्कराच्या जनरल माइल्सनं घेतली. हाताशी सुमारे ५,००० सैनिक, म्हणजे अमेरिकी लष्कराचा जवळपास चौथा हिस्सा. समोर जेरोनिमो आणि नाइचे हे अपाची नेते, बायकापोरं धरून चाळीससुद्धा माणसं नाहीत. तरी पाच महिने लागले. 'गनिमी कावा' एवढ्या उत्तरानं समाधान होत नाही. नेमकं काय घडत होतं?

उत्तर १: दाणा आणि पाणी बघा. घोडदळाच्या घोड्याला दाणा लागतो, म्हणून मागे खेचरांचा तांडा. अपाचींचा घोडा दमला की ते तो मारून खात आणि वाटेत दुसरा पळवत. मुक्काम पाणवठ्यावर नाही. पाणी भरून वर खडकांत चढायचं. पाठलाग जवळ आला की दोघं-तिघं होऊन फुटायचं आणि ठरल्या जागी पुन्हा जमायचं. मग माग काढणारा कुठला माग धरणार? माइल्सनं डोंगरमाथ्यांवर आरशांनी ऊन चमकवून निरोप देणारी हेलिओग्राफ ठाणी बसवली, पण टोळी बहुतेक काळ सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या सिएरा माद्रे डोंगरांत होती.

उत्तर २: बायकांचं काम यात राहून जातं. तिथलं मुख्य टिकाऊ अन्न म्हणजे मेस्कल, आपल्या घायपाताच्याच कुळातलं. पानं छाटून गड्डे काढायचे, खड्ड्यात दगड तापवून त्यावर रचायचे, ओलं गवत आणि माती लोटून दिवसरात्र भाजायचे. मग कुटून, थापून उन्हात वाळवायचे. तो साठा महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून फौजेच्या हाती वस्ती लागली की साठाही जाळला जाई. बायका पकडल्या गेल्या की पुढच्या हंगामाचं अन्नच गेलं.

प्रश्नकर्ता: मग शेवटी कशानं जमलं?

उत्तर २: माणसं तोडल्यानं. ऑगस्टमध्ये मार्टिन आणि कायिता हे लष्करासाठी माग काढणारे दोन अपाची स्काऊट डोंगर चढून जेरोनिमोच्या तळावर गेले. मग लष्कराच्या लेफ्टनंट गेटवूडनं सांगितलं: तुमचे उरलेले चिरिकाहुआ, म्हणजे तुमच्याच शाखेचे अपाची, फ्लोरिडाला पाठवले जाताहेत. परतायचं कुणाकडे, हाच प्रश्न उरला. ४ सप्टेंबरला स्केलेटन कॅन्यनमध्ये शरणागती झाली.

सगळ्यात संतापजनक भाग पुढचा. अ‍ॅरिझोनातल्या फोर्ट अपाचीला शांतपणे राहणारी कुटुंबंही रेल्वेत कोंबली. सरकारची चाकरी केलेले स्काऊटही, मार्टिन आणि कायितासुद्धा. फ्लोरिडा, अलाबामा, मग ओक्लाहोमातलं फोर्ट सिल: २७ वर्षं युद्धकैदी. मुलं पेनसिल्व्हेनियात कार्लाइलच्या शाळेत धाडली, तिथं क्षयानं कितीतरी दगावली. जेरोनिमो १९०९ मध्ये कैदेतच गेला. १९१३ मध्ये सुटका झाली तेव्हाही मायभूमी अ‍ॅरिझोनाचं दार बंदच होतं: १८७ जण न्यू मेक्सिकोत मेस्कलेरो या दुसऱ्या अपाचींच्या राखीव प्रदेशात गेले, बाकीचे ओक्लाहोमातच राहिले.