न्यू जर्सीतल्या लिंडहर्स्टच्या मेडिव्हल टाइम्सला (जेवता जेवता जुन्या युरोपातल्या लढायांचा शो बघायचा) आई-बाबांना नेऊ का?

आई-बाबा पुण्याहून आलेत, ६ वर्षांचा मुलगा मागे लागलाय की घोडे आणि तलवारबाजी बघायचीच. आई पूर्ण शाकाहारी आहे आणि तिथे म्हणे हातानेच जेवायचं, तिला आवडेल का? कोणी गेलंय का?

— एडिसनकर:
नक्की न्या! हाताने जेवणं आपल्याला काय नवीन, माझ्या सासूबाई तर खूश झाल्या, सूपसुद्धा वाटीला तोंड लावून प्यायचं. इतरांना चिकन येतं पण वेज जेवण मिळतं, फक्त बुकिंगच्या वेळीच सांगा आणि वाढायला येतात त्यांनाही परत आठवण करा.

— दोन मुलांची आई:
सहा नाइट (घोड्यावरचे चिलखतधारी योद्धे) असतात सहा रंगांचे, तुम्ही ज्या रंगाच्या भागात बसता तो तुमचा, डोक्यावर त्याच रंगाचा कागदी मुकुट. आमचा जिंकला तेव्हा बाबा ७२ व्या वर्षी उभं राहून ओरडत होते, मला भरूनच आलं. तलवारी आपटल्या की खरंच ठिणग्या उडतात, आवाज मोठा असतो, बाबांना कानाचं मशीन असेल तर आवाज कमी करायला सांगा.

— एडिसनकर:
हो, आणि लवकर जा, घोडे जवळून दिसतील अशी जागा मागा.