साइडिंगवरील ठेका कामगारांचे सुरक्षा प्रशिक्षण : हजेरीपट पूर्ण आहे, पण खात्री कशी करावी?

यार्ड अधिकारी, उरण

नमस्कार. उरण तालुक्यात बंदराला जोडलेल्या एका रेल्वे साइडिंगवर (माल चढवण्या-उतरवण्यासाठी काढलेल्या जोडरुळांवर) मी सुरक्षा अधिकारी आहे. चार ठेकेदारांचे मिळून साडेतीनशेच्या आसपास कामगार आमच्याकडे तीन पाळ्यांत येतात. त्यांत ट्विस्ट लॉक (कंटेनर वाघिणीला जखडणाऱ्या कड्या) तपासणारे, रीच स्टॅकर (कंटेनर उचलून रचणारे यंत्र) आणि ट्रेलरचे चालक, सील पाहणारे, सफाई करणारे असे सगळे आहेत. गेटपास मिळण्याआधी प्रत्येकाला चार तासांचे प्रशिक्षण दिले जाते, शेवटी वीस प्रश्नांची तोंडी परीक्षा होते आणि वर्षातून एकदा उजळणी घेतली जाते. सह्या, अंगठे, छायाचित्रे अशी सारी कागदपत्रे जागच्या जागी असतात आणि आजवर एकाही तपासणीत त्यांत खोट निघालेली नाही.

गेल्या महिन्यात पहाटे तीनच्या सुमारास आमचा एक कामगार उभ्या रेकच्या (एकत्र जोडलेल्या वाघिणींच्या रांगेच्या) दोन वाघिणींमधून वाकून पलीकडे गेला. इंजिन जोडलेले होते. तो पलीकडे पोचल्यानंतर अर्ध्या मिनिटाच्या आत रेक हलला. त्याला खरचटलेसुद्धा नाही, पण कॅमेऱ्यातील चित्रण पाहताना माझे हात गार पडले. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, “साहेब, लाल झेंडा लावलेला नव्हता, म्हणून वाट मोकळी आहे असं समजलो.” त्याचा परीक्षेचा कागद काढून पाहिला. वीसपैकी अठरा गुण होते.

त्याला निलंबित करावे, असा आग्रह वरून होत आहे. मला मात्र वाटते की चूक शिकवण्यात आहे. ती नेमकी कुठे आहे, हे कळत नाही. प्रशिक्षण कागदावर न राहता अंगवळणी पडले आहे, हे कशावरून ओळखावे? आणि फेरप्रशिक्षण वर्षाच्या हिशोबाने द्यावे की आणखी कशाच्या?

निवृत्त पॉइंट्समन, भुसावळ

आपल्या कामगाराने दिलेले उत्तर चुकीचे आहे, पण मूर्खपणाचे नाही. बंदराच्या आवारात लाल झेंडा किंवा लाल फीत दिसली की त्याचा अर्थ “इकडे येऊ नका” असा असतो. क्रेनखालची जागा, उघडे गटार, सांडलेले तेल, सगळीकडे तोच अर्थ. रेल्वेत लाल झेंडा माणसाला नव्हे, गाडीला थांबवतो. रेकच्या टोकाला तो लावलेला असतो तेव्हा इंजिन हलणार नाही आणि आत माणसे काम करू शकतात. तो काढला की रेक केव्हाही निघेल असे धरून चालायचे. म्हणजे झेंडा नसणे हीच धोक्याची खूण. आपल्या कामगाराला दोन ठिकाणचे दोन नियम शिकवले गेले असतील, पण साइडिंगच्या फाटकातून आत पाऊल टाकताच झेंड्याचा अर्थ उलटतो, हे त्याला कोणी सांगितले नसावे. त्या वीस प्रश्नांत हा प्रश्न आहे का, ते पाहावे.

दुसरे म्हणजे आवाज. जुन्या मालगाडीत इंजिनाने ओढ घेतली की कपलिंगचा खडखडाट एकेका वाघिणीवरून पुढे येत असे आणि तेवढ्यात माणूस बाजूला होऊ शकत असे. कंटेनर वाहणाऱ्या बीएलसी प्रकारच्या वाघिणी पाच-पाचच्या संचात असतात आणि संचाच्या आतले जोड स्लॅकलेस ड्रॉबारचे, म्हणजे घट्ट जोडदांड्यांचे, असल्यामुळे त्यांत तशी ढील नसते. पंचेचाळीस वाघिणींच्या रेकमध्ये असे नऊ संच येतात. “आवाज आला की सरकू” या भरवशावर राहणाऱ्याला तिथे सूचना मिळेलच असे नाही. हे वर्गात सांगून पटत नाही. एकदा नव्या टोळीला रुळापासून सुरक्षित अंतरावर उभे करून रेक सुटताना नुसते पाहायला लावावे.

खात्रीबद्दल विचारलेत म्हणून सांगतो. प्रत्येक स्टेशनवर अॅश्युरन्स रजिस्टर असते. त्या स्टेशनचे कार्यनियम मला समजले आहेत, अशी सही कर्मचारी त्यात कामाला लागण्यापूर्वी करतो. वाचता न येणाऱ्याला ते त्याच्या भाषेत समजावून मगच अंगठा घ्यायचा असतो. नियम बदलले किंवा माणूस बरेच दिवस रजेवर राहून आला, तर सही नव्याने घ्यावी लागते. सही वर्गात बसल्याची नसून या जागेचे नियम कळल्याची आहे, हा त्यातला मुद्दा. अर्थात ते रजिस्टरही डोळे मिटून भरता येते, आणि भरणारे मी पाहिलेले आहेत.

गोदी प्रशिक्षक, मुंबई

वरील उत्तराशी मी सहमत आहे. बंदराच्या बाजूने थोडी भर घालतो. गोदी कामगारांच्या सुरक्षेचा 1986 चा कायदा आणि त्याखालचे 1990 चे विनियम आमच्या पिढीला पाठ होते. तो कायदा आता 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला गेला आहे. रेल्वेचे सामान्य व सहायक नियम मात्र वेगळ्या घरातून येतात. त्यामुळे एकाच साइडिंगवर दोन पोथ्या उघडलेल्या असतात आणि दोन्हीकडचे प्रशिक्षक आपापली पोथी वाचून घरी जातात.

हातांच्या इशाऱ्यांचेही तसेच आहे. एक हात वर करून बोट आकाशाकडे फिरवले, तर क्रेनचालक भार उचलतो. रेल्वेत दोन्ही हात डोक्यावर उंच धरले, तर तो धोक्याचा इशारा असतो आणि गाडी थांबवायची असते. अंधारात, पावसात, पंचवीस मीटरवरून, प्रकाशझोत डोळ्यांवर असताना एक हात आणि दोन हात यांतला फरक किती जणांना दिसेल? मी प्रशिक्षणात कामगारांच्या जोड्या लावतो आणि रात्रीच यार्डात नेऊन हा प्रयोग करायला लावतो. सभागृहात ज्यांची शंभर टक्के उत्तरे बरोबर येतात, त्यांपैकी बरेच जण तिथे गोंधळतात.

धोकादायक मालाच्या बाबतीत तर हयगय चालणारच नाही. समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याच्या आंतरराष्ट्रीय आयएमडीजी संहितेच्या 1.3 या प्रकरणानुसार असा माल हाताळणाऱ्या किनाऱ्यावरील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण 2010 पासून बंधनकारक आहे, आणि ते ज्याच्या-त्याच्या कामानुसार असावे अशी अपेक्षा आहे. सील तपासणाऱ्याला धोकाचिन्हे ओळखता आली पाहिजेत, आणि कीड मारण्यासाठी विषारी वायूची धुरी दिलेल्या कंटेनरचे दार उघडून लगेच आत डोके घालायचे नाही, हे कळले पाहिजे. रीच स्टॅकरच्या चालकाला त्याच चिन्हांचा वेगळा उपयोग आहे. सगळ्यांना एकच चार तासांचा घोट पाजून काय साधते?

जाता जाता एक खंत. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. त्यावर कापूस आणि सुमारे 1400 टन स्फोटके एकत्र होती. त्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सप्ताह आपण दरवर्षी पाळतो, त्यात कवायत होते, आणि ती बहुतेक ठिकाणी सकाळी अकरा वाजता, पाहुणे आल्यावर होते. तिसऱ्या पाळीच्या वाट्याला ती क्वचितच येते.

मुकादम, तिसरी पाळी

मी ठेकेदाराकडे टोळी सांभाळतो, त्यामुळे माझे म्हणणे थोडे कडू लागेल. साहेब, तो माणूस पलीकडे कशासाठी गेला, हे आपण त्याला विचारले का? आमच्या यार्डात पूर्वी पिण्याच्या पाण्याचा नळ आणि शौचालय रुळांच्या एका बाजूला होते आणि काम दुसऱ्या बाजूला. रेक लागला की मध्ये सहाशे मीटरहून लांब भिंत उभी राहायची. टोकाला वळसा घालून जाऊन यायला वीस मिनिटे लागायची आणि तेवढ्या वेळात सुपरवायझर दोनदा माझे नाव घ्यायचा. “वाघिणीखालून जाऊ नका” हे आमच्या प्रत्येकाला पाठ आहे. दोन रेकच्या मध्ये नळ आणि फिरते शौचालय आल्यापासून ओलांडणे जवळजवळ थांबले. त्यासाठी एकही वर्ग घ्यावा लागला नाही.

आणखी एक गोष्ट. टोळीतली निम्मी मुले बिहार-ओडिशाकडची आहेत. त्यांना पडद्यावर इंग्रजी पाट्या दाखवून मराठीत समजावले जाते आणि ती माना डोलावतात. काम सुरू होण्यापूर्वीची दहा मिनिटे मला द्या, रुळाशेजारी उभे राहून त्यांच्या हिंदीत मी सांगतो. पण त्या दहा मिनिटांची हजेरी धरा. आज ती आमच्या जेवणाच्या सुटीतून कापली जातात.

आमच्याकडे एक जुनी पद्धत अजून चालते. रेकमध्ये शिरताना प्रत्येक जण आपला पितळी बिल्ला फळीवरच्या खिळ्याला अडकवतो आणि बाहेर येताना काढून घेतो. फळी रिकामी झाल्याशिवाय मी “रेक तयार” या कागदावर सही करत नाही. एकदा एक बिल्ला राहिला, म्हणून गाडी चाळीस मिनिटे अडली. मुलगा बिल्ला विसरून घरी गेला होता. मला बोलणी बसली, पण पुन्हा कोणी विसरले नाही.

यार्ड अधिकारी, उरण

आपणा सर्वांचा आभारी आहे. परीक्षेचा कागद तपासला. झेंड्यावर प्रश्न होता : “लाल झेंड्याचा अर्थ काय?” बरोबर उत्तर : “धोका”. त्याने तेच लिहवून घेतले होते आणि गुण मिळवला होता. आता प्रश्न बदलला आहे : “रेकला इंजिन लागले आहे आणि लाल झेंडा नाही, तू काय करशील?” पहिल्या दिवशी बावीस जणांना तो रुळाशेजारी विचारला, नऊ जणांनी “पलीकडे जाईन” असे सांगितले.

त्या कामगाराला काल पुन्हा भेटलो. तो पाण्यासाठीच गेला होता. निलंबनाचा प्रस्ताव मी लेखी कारणे देऊन परत पाठवला आहे आणि नळासाठी वेगळा अर्ज केला आहे. फेरप्रशिक्षणाला वर्षाऐवजी तीन निमित्ते धरणार आहे : काम बदलले, पंधरा दिवसांहून जास्त गैरहजेरी झाली, किंवा यार्डातील रचना बदलली. बिल्ल्याची फळी पुढच्या आठवड्यात लागेल. एक अडचण उरते. बाहेरचे ट्रकचालक एका फेरीसाठी येतात, त्यांना बिल्ला कसा द्यावा?

निवृत्त पॉइंट्समन, भुसावळ

त्यांना बिल्ला देऊ नका, केबिनमधून उतरूच देऊ नका. गेटवर गाडीची चावी न घेता चालकाचा वाहन परवाना ठेवून घ्यावा, आणि कंटेनरच्या कामासाठी उतरायचे झाल्यास रुळांपासून दूर, आखलेल्या पिवळ्या चौकोनातच उतरता येईल असे करावे. चौकोनाजवळ पाण्याचा माठ ठेवावा. मुकादमांचे म्हणणे तिथेही लागू आहे.