बाथरूममधला गॅस गिझर : धुराचा पाइप आणि हवेची जाळी

भाऊ, धुराचा पाइप व्हेंटिलेटरपर्यंत आणून सोडला तरी चालतं, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून तसं करू नका, धूर परत आत वळतो. आमच्या धुळ्यात पारा १० अंशांखाली गेला की लोक व्हेंटिलेटरला पुठ्ठा लावतात. आम्हीही लावला होता. आई आंघोळ अर्धवट टाकून भिंत धरत बाहेर आली, डोकं गरगरत होतं. गिझरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग, ना वास. त्यानंतर गिझर मागच्या पडवीत हलवला, आत फक्त गरम पाण्याची लाइन.

बाहेर जागाच नसेल तर पाइप आधी सरळ वर, मग चढता ठेवून भिंतीपार काढा, तोंडाला टोपी बसवा. आणि दाराला खाली जाळी हवीच. ताजी हवा कमी पडली की निळी ज्योत पिवळी होते, काजळी धरते. तशी दिसली तर लगेच बंद करा.